परतीची वाट आणि वाचलेला ग्रंथ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे मराठी शिकलो. ‘वाचलेले लपवू नये’ असे ते वर्गात वरचेवर सांगत. परीक्षेत कुणाचे वाक्य उचलले तर त्याचे नाव घ्या, एवढाच त्याचा अर्थ आम्ही त्या वयात घेत असू. पुढे आयुष्यात त्या वाक्याचा दुसरा अर्थ मला कळला. पण तो आचरणात आणायला मला सत्तरी ओलांडावी लागली. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या दुसऱ्या अर्थाशी संबंधित आहे.

विषय असा : ज्यांनी बायबल वाचले, जे ख्रिस्ती धर्मात गेले किंवा त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचले, आणि मग परत फिरले, अशांचे आपल्या समाजाने काय केले? जे गेले त्यांचा इतिहास मिशनऱ्यांनी लिहून ठेवला. जे गेले नाहीत त्यांचा इतिहास आपण लिहिला. जे जाऊन परतले त्यांचा इतिहास मात्र कोणीच लिहिला नाही, कारण दोन्ही बाजूंना तो अडचणीचा होता.

प्रारंभ आपल्याच गावापासून करतो. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर हे १८२० साली बेळगावास आले. पुढे ह्या मिशनने येथे इंग्रजी शाळा काढली. बेनन स्मिथ हे नाव बेळगावात आजही सर्वांच्या ओठी आहे. ह्या बेळगावात १८३१ साली कासार समाजातील एका कुटुंबात बाबा पदमनजी जन्मले. मिशनच्या शाळेत ते शिकले, मग मुंबईस गेले, जातिभेद मोडण्यासाठी गुप्तपणे चालणाऱ्या परमहंस सभेत वावरले आणि १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विधवांच्या दुःस्थितीवरील ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ साली. मराठी गद्याचा इतिहास ह्या दोन पुस्तकांना वगळून लिहिता येत नाही.

‘अरुणोदय’ हे वाचणाऱ्या मनाचे चरित्र आहे. एक पुस्तक हाती येते, शंका उत्पन्न होते, दुसरे पुस्तक हाती येते, शंका वाढते, मित्रांशी वाद होतो. पदमनजी धर्मांतराच्या निर्णयापर्यंत वाचत वाचत पोचले. आणि हे वाचन आपल्या भाषेतले होते, हे ध्यानात घ्यावे. विल्यम कॅरी ह्यांनी श्रीरामपूरच्या छापखान्यातून नवा करार १८११ साली मराठीत, मोडी लिपीत, आणला होता. मुंबईच्या अमेरिकन मिशनने संपूर्ण बायबल १८४७ साली मराठीत पूर्ण केले. म्हणजे पदमनजींच्या तारुण्यात बायबल हे मराठी माणसाला मराठीत वाचता येण्याजोगे पुस्तक झालेले होते. पुस्तक एकदा भाषेत आले की ते कोण वाचील आणि वाचून काय करील ह्यावर कोणाचीच सत्ता राहत नाही, छापणाऱ्याचीही नाही.

झालेही तसेच. विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत. त्यांनी ख्रिस्ती धर्मग्रंथ पाहिले ते खंडनासाठी. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी येशूला बळीराजाच्या मालिकेत बसवले, पण बाप्तिस्मा घेतला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्रिमूर्तीच्या सिद्धान्तावरून व चर्चच्या अधिकारावरून आपल्या ख्रिस्ती गुरूंशीच वाद मांडला. पुढे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करण्यास घेतले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ति मिशनमधून ते संपूर्ण बाहेर पडले. एकच ग्रंथ, एकाने खंडनासाठी वाचला, दुसऱ्याने आपल्या लोकांच्या मुक्तीसाठी, तिसरीने चर्चशी भांडण्यासाठी. धर्मात प्रवेश हा वाचनाचा केवळ एक परिणाम होय, एकमेव नव्हे.

आता परतणाऱ्यांकडे वळू. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ह्या तरुण ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, त्याच्याबरोबर मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडील सुप्रीम कोर्टात गेले. मुलगा अज्ञान आहे, सबब तो बापाच्या ताब्यात द्यावा, असा निर्णय झाला. श्रीपत घरी आला; पण घराचे दार त्याला उघडेना. त्याने मिशनऱ्यांच्या घरचे अन्न खाल्ले होते. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, असे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी प्रतिपादिले व त्यासाठी शास्त्राधार मांडले. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला आणि बाळशास्त्रींवरच बहिष्काराचे अस्त्र उगारले.

ह्या प्रकरणाची कागदपत्रे मी अनेकदा वाचली आहेत, आणि दर वेळी एक गोष्ट मनाला खटकते. कोर्टाने मुलाचे वय विचारले. धर्मसभेने त्याने काय खाल्ले ते विचारले. भावाबरोबर राहून त्याने काय वाचले, त्याला काय पटले, काय पटले नाही, हे त्या बारा वर्षांच्या मुलाला दोन्ही पक्षांपैकी कोणी विचारल्याचे दिसत नाही. बाळशास्त्रींचे धैर्य थोर होते, ह्यात शंका नाही. परंतु त्यांनाही लढावे लागले ते अन्नाच्या प्रश्नावर. देवलस्मृतीचा आधार परत घेण्याला होता. १६७६ साली शिवाजी महाराजांनी नेताजी पालकरांना परत घेतल्याचा दाखला होता. शास्त्र अनुकूल होते, पूर्वपीठिका होती. तरीही समाजाची सारी बुद्धी ताटाभोवतीच फिरत राहिली.

ताटाकडून पेल्याकडे येऊ. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हाती धरला. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांकडे गेले. त्यांनी चौकशीसाठी दोन शास्त्र्यांचे मंडळ नेमले : एक बिंदुमाधवशास्त्री धुळेकर आणि दुसरे व्यंकटशास्त्री निपाणीकर. संकेश्वर येथून किती जवळ, आणि निपाणी तर आपलीच. पुण्याच्या चहाचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्या ह्या मुलखाकडे आला होता, हे आज कितीजणांना ठाऊक असेल?

पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, त्यावरून त्यांच्या सुधारक मित्रांनी त्यांना बोल लावले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त केल्याचे सांगितले. तो सारा इतिहास आपणांस परिचित आहे. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, रानड्यांच्या प्रार्थनासमाजी विचारांवर बायबलची व ख्रिस्ती ईश्वरवादाची छाया होती, हे त्यांच्या लेखनावरून कोणालाही कळण्याजोगे होते. त्या छायेबद्दल त्यांना कोणीही प्रायश्चित्त सांगितले नाही. पेलाभर चहाबद्दल मात्र सांगितले. आपल्या धर्मशास्त्रात पोटात गेलेल्या वस्तूसाठी शेकडो प्रायश्चित्ते आहेत. डोक्यात गेलेल्या वस्तूसाठी एकही नाही.

हा चहाचा समारंभ घडवून आणणारे आणि नावे बाहेर फोडणारे गृहस्थ कोण? गोपाळ विनायक जोशी. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे पती. हे पोस्टखात्यात नोकरीला होते आणि १८७८ साली कोल्हापुरास होते. तेथून त्यांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर ह्यांना पत्र लिहिले : पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस यावयाचे आहे, साहाय्य मिळेल काय? वाइल्डर ह्यांनी कोल्हापुरात मिशन उभे केले होते व आता ते अमेरिकेत राहून मासिक चालवीत होते. उत्तरादाखल त्यांनी धर्मांतराचा उपदेश केला आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. तो न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाईंच्या वाचनात आला, आणि त्यातूनच आनंदीबाईंची अमेरिकेची वाट उघडली. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी, १८८३ साली, श्रीरामपूरच्या सभेत स्पष्ट सांगितले होते की, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ. ते त्यांनी अक्षरशः पाळले. १८८६ साली त्या परतल्या त्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक घेऊन; परंतु कामावर रुजू होण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

ज्या गोपाळरावांची पत्नी धर्मांतरावाचून समुद्रापार जाऊन आली, त्या गोपाळरावांनी पुढे स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच अवधीत ते परत हिंदू झाले. आपल्या इतिहासकारांनी हा भाग विक्षिप्तपणाच्या सदरात टाकून दिला आहे. गोपाळराव विक्षिप्त होते, हे खरे. पण विक्षिप्त म्हटले की विचारण्याचे काम संपते. हा मनुष्य मिशनऱ्यांशी वर्षानुवर्षे वाद घालत होता, अमेरिकेत जाऊन तेथील ख्रिस्ती समाजावर सडेतोड बोलत होता. त्याला आत काय दिसले आणि तो बाहेर का आला, हे त्याच्या तोंडून ऐकण्याची गरज तेव्हा कोणाला वाटली नाही. मिशनला तो फसवा वाटला, पुण्याला तो खोडकर वाटला.

युरोपात ह्याच शतकात असे घडत नव्हते. फ्रान्समध्ये अर्नेस्त रनाँ ह्याने १८४५ साली धर्मगुरू होण्याचे शिक्षण सोडले, कारण हिब्रू शिकून मूळ ग्रंथ बारकाईने वाचल्यावर चर्चची शिकवण त्याला पटेनाशी झाली. १८६३ साली त्याने येशूचे चरित्र लिहिले. इंग्लंडमध्ये पुढे जॉर्ज एलियट ह्या नावाने कादंबऱ्या लिहिणाऱ्या तरुणीने १८४२ साली चर्चला जाणे नाकारले. वडील संतापले, घरात कलह झाला. १८४६ साली तिने श्ट्राउस ह्या जर्मन पंडिताच्या ख्रिस्तचरित्राचे भाषांतर प्रसिद्ध केले. ही माणसे वाचून बाहेर पडली आणि बाहेर पडल्यावरही त्याच ग्रंथाविषयी उघडपणे लिहीत राहिली. त्यांनाही त्रास झाला. पण त्यांच्या बाहेर पडण्याला एक नाव होते, युक्तिवाद होता, वाचकवर्ग होता. आपल्याकडे परतणाऱ्याला युक्तिवाद करण्याची मुभा नव्हती. त्याने चूक झाली एवढेच म्हणावयाचे, पंचगव्य प्यावयाचे आणि गप्प राहावयाचे.

ह्याला दुसरीही बाजू आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. तेथे १९२८ साली विनायक महाराज मसूरकर ह्यांच्या पुढाकाराने हजारो गावडे ख्रिस्ती धर्म सोडून हिंदू झाले. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले होते. ह्या कष्टकरी लोकांच्या हाती त्यांच्या भाषेतले बायबल कधी पडलेच नव्हते. फादर स्टीफन्स ह्यांचे १६१६ सालचे ‘ख्रिस्तपुराण’ एके काळी गोव्यातील देवळांत गाइले जाई खरे; परंतु पुढे राज्यकर्त्यांनी देशी भाषांवरच निर्बंध आणले. म्हणजे येथे ग्रंथ न वाचता प्रवेश झाला आणि ग्रंथ न वाचता निर्गमन झाले. परतल्यावर समाजाने त्यांना ‘नवहिंदू गावडे’ असे निराळे नाव दिले आणि निराळ्या पंगतीत बसवले. परत या म्हणणाऱ्यांनी दार उघडले. पण ओसरीच्या पुढे येऊ दिले नाही.

ह्या सर्वांत व्यवहाराचा भागही मोठा होता, तो नजरेआड करून चालणार नाही. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद झाली; १८६६ च्या कायद्याने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाची सोय झाली. कायद्याने जमीन राखली. पण भाऊबंदांच्या मनातील जागा कायदा राखू शकत नव्हता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. तेव्हापासून कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि फडताळात दुसरे पुस्तक अशी स्थिती निर्माण झाली. त्या घरांना दांभिक म्हणणे सोपे आहे. ज्याला उद्याची फी भरावयाची आहे त्याने तसे म्हणून पाहावे.

येथवर मी इतिहासाविषयी बोललो. आता स्वतःविषयी थोडे बोलावे लागेल; टाळता आले असते तर टाळले असते.

माझे आजोबा ख्रिस्ती होते. म्हणजे काही वर्षे होते. निपाणीजवळच्या एका खेड्यातील शेतकऱ्याचे ते थोरले चिरंजीव. मिशनच्या शाळेत शिकले, तेथेच मास्तर झाले, बाप्तिस्मा घेतला. नऊ वर्षांनी त्यांचे वडील वारले. थोरल्या मुलानेच अग्नी द्यावयाचा, आणि ख्रिस्ती मुलाला तो देता येणार नाही, असे भाऊबंदांनी कळवले. आजोबा त्याच रात्री चालत गावी आले. पंच बसले. वेदगंगेत स्नान, पंचगव्य, मिशीसह क्षौर आणि गावजेवण असा दंड ठरला. पहाटे त्यांनी वडिलांना अग्नी दिला आणि पुन्हा ते मिशनकडे फिरकले नाहीत. मिशनच्या शाळेतली नोकरी सुटली. उरलेले आयुष्य त्यांनी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात घालवले.

नदीवरून येताना कपडे बदलले, नाव बदलले. पण काळ्या बांधणीचे मराठी बायबल घरात राहिले. आजीने ते वेदगंगेत सोडण्याचा हट्ट धरला, तेव्हा आजोबा एवढेच म्हणाले, “पुस्तकानं काय घोडं मारलंय?” ते पुस्तक ज्ञानेश्वरीशेजारी फडताळात असे, वर जुन्या पंचांगाचा कागद घातलेला. लहानपणी झोपताना ते मला एका बापाची आणि त्याच्या दोन मुलांची गोष्ट सांगत. धाकटा इस्टेटीचा वाटा घेऊन जातो, उधळतो, भणंग होऊन परत येतो. म्हातारा बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत पुढे जातो. मी विचारी, “मग बाप त्याला काय बोलला?” आजोबा म्हणत, “काही नाही विचारलं. जेवायला वाढलं.” ही आपल्याकडचीच कुठली तरी लोककथा असावी अशी माझी समजूत होती. कॉलेजात असताना लूकच्या शुभवर्तमानात ती मला भेटली आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ज्या माणसाला परत येताना पंचांनी इतके विचारले होते, तो नातवाला काहीही न विचारणाऱ्या बापाची गोष्ट सांगत होता.

वडिलांची आम्हां सर्वांना सक्त ताकीद होती की, ही हकिकत बाहेर जाता कामा नये. बहिणींची लग्ने व्हावयाची होती. मी एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती गद्यावर पीएच.डी. केली. तोंडी परीक्षेत विचारले गेले, हाच विषय का निवडला? मी उत्तर दिले, बाबा पदमनजी आमच्या बेळगावचे म्हणून. ते खोटे नव्हते, अर्धे होते. त्यानंतर तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना आत्मचरित्राचे मर्म शिकवले, आणि घरातले एक चरित्र पंचांगाच्या कागदाखाली झाकून ठेवले. पंचांनी आजोबांना गप्प बसवले होते; मी तर कोणी न सांगता गप्प बसलो. आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात होतो. तुम्ही का गेलात, का आलात, हे विचारण्याइतका मी मोठा होतो. मी विचारले नाही. ज्या न विचारण्याबद्दल मी आज कोर्टाला, धर्मसभेला आणि पुण्याला दोष दिला, त्या दोषात माझाही वाटा आहे, हे आपल्यासमोर सांगणे मला अवश्य वाटले.

मग निष्कर्ष काय? धर्म सोडता येतो, परत घेता येतो. त्यासाठी पाणी आहे, पंच आहेत, कायदा आहे. वाचन सोडता येत नाही. आजोबा ख्रिस्ती राहिले नाहीत, ह्यात संशय नाही. एकादशी ते मनापासून करीत. पण वखारीत हमालाची मजुरी कापली गेली की वहीत चुकीचा आकडा लिहिण्यास ते नकार देत, आणि दारी आलेल्याला जात विचारीत नसत. हे त्यांनी ज्ञानेश्वरीतून घेतले की त्या काळ्या पुस्तकातून, हे त्यांना तरी वेगळे काढता आले असते काय? १९२४ साली बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविलेल्या गांधीजींनी दोन वर्षांनी गुजरात विद्यापीठात विद्यार्थ्यांना नवा करार शिकवण्यास घेतला, तेव्हा हे छुपे ख्रिस्ती आहेत अशी ओरड झाली. वाचणारा माणूस कोणत्या तरी एका दाव्याला बांधलेलाच असला पाहिजे, हा आपला जुना आग्रह आहे.

जोतीरावांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ ह्या आपल्या अखेरच्या ग्रंथात एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. त्या घरातील बाई बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून वाटल्यास बौद्ध होईल, तिचा पती बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून महंमदी आणि मुलगा सत्यधर्मी. आणि सर्वांनी मिळून प्रेमाने एका घरात राहावे. ह्या कल्पनेतील क्रम पाहण्यासारखा आहे : आधी वाचन, मग निर्णय, आणि निर्णयानंतरही घर एकच. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पानाची बरोबरी आपल्याला अद्याप करता आलेली नाही. त्या घरात आणखी एक माणूस असावा असे मला वाटते. वाचून गेलेला, वाचूनच परत आलेला, आणि जेवायला बसताना ज्याला कोणी काही विचारत नाही असा. पण त्याने आपण होऊन सांगू लागल्यास सारे घर ऐकेल असा.

आजोबांचे ते पुस्तक मी आज बरोबर आणले आहे. शाळेच्या ग्रंथपालांशी माझे बोलणे झाले आहे. ते ग्रंथालयात, ज्ञानेश्वरीच्याच कपाटात राहील. वरचा पंचांगाचा कागद मी काढून ठेवला आहे. गुरुजींचे वाक्य एवढ्या उशिरा का होईना पाळता आले, ह्याचे समाधान मानून, मी माझे भाषण पुरे करतो.